सेवेचं काम असलं तरी बिल द्यावंच लागतं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत एकट्यानं धंदा करणाऱ्यांवर लेख आला होता तो वाचला. लेख चांगला होता, उद्यम नोंदणी (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी) कशी करायची, लोनला कुठली कागदं लागतात, व्हॉट्सअ‍ॅपवर आपल्या मालाचे फोटो कसे टाकायचे, सगळं कामाचं होतं, पण शेवटाकडं एक वाक्य सहज टाकून दिलंय की आपला धर्म घरी ठेवावा आणि दुकानात निव्वळ धंदा करावा. त्यावर मला बोलायचंय. मी ख्रिस्ती आहे, नगरला (पाटीवर आता अहिल्यानगर झालंय, तोंडात अजून नगरच येतं) डीटीपी (कॉम्प्युटरवर मजकूर जुळवणं) आणि छपाईची छोटी कामं घेते, हाताखाली कोणी नाही, आणि धर्म घरी ठेवून दुकान उघडायचं म्हटलं तर नक्की काय काय घरी ठेवायचं हेच मला कळत नाही. भिंतीवरचा क्रूस काढता येईल, तो तसाही कॅलेंडरमागं अर्धा झाकलेला असतो. बाकीचं कसं काढणार?

ख्रिस्ती माणसाचा धंदा म्हटलं की बाहेरच्या लोकांना वाटतं बाहेरून पैसा येत असणार आणि गिऱ्हाइकाला चहाबरोबर पत्रकं वाटत असणार. माझ्या मशीनचा हप्ता कोणी बाहेरून भरत असेल तर त्यानं समोर यावं, मला फार आनंद होईल. आणि आमच्या आतल्या लोकांचं वेगळंच, मोबाइलवर भाषणं ऐकून त्यांना वाटतं की देवाला दशांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा, दिला की धंदा दुप्पट होतो, म्हणजे जणू फिक्स डिपॉझिटच. मी दशांश देते पण धंदा दुप्पट वगैरे काही झालेला नाही, उलट काही गिऱ्हाइकं माझ्या तत्त्वांपायी गेली ती गेलीच, परत आली नाहीत. ईयोबाची गोष्ट आमच्याच पवित्र शास्त्रात आहे, माणूस नीतिमान होता आणि सगळं गेलं, ती या भाषणांमध्ये फारशी ऐकू येत नाही.

माझ्या कामात धर्म कुठं असतो सांगू का, कागदाच्या जाडीत असतो. कोटेशनमध्ये १३० जीएसएमचा (आकडा मोठा तितका कागद जड) आर्ट पेपर लिहायचा आणि छापताना १०० जीएसएम वापरायचा, हे आमच्या लाइनमध्ये कोणाला नवीन नाही. साध्या माणसाच्या हाताला फरक कळत नाही, चकचकीत छापून आलं की तो खूश. मोशेच्या नियमशास्त्रात, अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात सांगितलंय की थैलीत दोन प्रकारची वजनं ठेवू नको, एक मोठं एक लहान. लोक म्हणतात ते जुन्या काळचं, तराजूवाल्यांसाठी. मला तर ते सरळ कागदवाल्यांसाठीच लिहिल्यासारखं वाटतं. लग्नपत्रिका लोक मोजून घेतात, एक कमी निघाली तरी फोन येतो, पण हँडबिलं कोण मोजतं? हजाराच्या गठ्ठ्यात नऊशे भरली तरी पेपरात टाकणाऱ्या पोराशिवाय कोणाच्या लक्षात येणार नाही आणि तोही बोलणार नाही, त्याचं ओझं कमीच झालं. मोठ्या कंपनीत कोणीतरी तपासणारं असतं, स्टोअरवाला असतो, ऑडिटर असतो. एकट्याच्या दुकानात ऑर्डर घेणारी मी, कागद आणणारी मी, मोजणारी मी आणि बिल करणारीही मीच, म्हणजे चोरी करायची तर साक्षीदारच नाही. म्हणून मला लेखातलं ते वाक्य उलटं वाटलं, नोकरीत एक वेळ धर्म घरी विसरला तरी साहेब बघतोय, इथं तेवढाच एक बघणारा आहे.

बिलबुकांचं तर विचारूच नका. छपाईवाल्याकडं येणारी मागणी म्हणजे, ताई, एकाच नंबरची दोन बुकं मारून द्या. म्हणजे १ ते १०० नंबरचं एक बुक हिशोबात दाखवायला आणि त्याच नंबरांचं दुसरं खरी विक्री करायला, टॅक्सवाल्याला एक दाखवायचं आणि गिऱ्हाइकाला दुसरं फाडायचं. नंबरिंगचं मशीन परत एकावर आणलं की झालं, खर्च काही वाढत नाही, उलट असं काम घेणारा भाव करत नाही, मागाल तेवढे देतो. मी नाही म्हणते. मग समोरचा म्हणतो तुम्हाला काय करायचंय, टॅक्स मी बुडवणार, तुम्ही फक्त छापणार. आणि खरं सांगू का, हा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही, सुरी विकणारा काय प्रत्येक गिऱ्हाइकाच्या घरात डोकावतो का. पण सुरीनं भाजी पण चिरतात हो, एकाच नंबरच्या दुसऱ्या बुकाचा चांगला उपयोग मला तरी अजून कोणी सांगितलेला नाही. तसंच तीन कोटेशनांचं, संस्थेला नियमाप्रमाणं तीन लागतात, मग एक माझं खरं आणि बाकीची दोन माझ्याच कॉम्प्युटरवर दुसऱ्यांच्या नावाच्या लेटरहेडवर वाढीव रेटनं टाइप करून द्या म्हणतात, काम तुम्हालाच मिळेल म्हणतात. मागणारे सगळ्या धर्मांचे असतात, आमचे धरून.

निवडणुकीत आणखी मजा. लोकप्रतिनिधी कायदा १९५१, कलम १२७-अ, प्रचाराच्या प्रत्येक पत्रकावर छापणाऱ्याचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता पाहिजे, प्रकाशकानं स्वतःची ओळख लिहून द्यायची आणि त्यावर त्याला ओळखणाऱ्या दोघांच्या सह्या, आणि त्या कागदाची आणि छापलेल्या पत्रकाची कॉपी प्रेसवाल्यानं जिल्हाधिकाऱ्यांकडं पाठवायची. नाही केलं तर सहा महिन्यांपर्यंत शिक्षा किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तरी विधानसभेच्या टायमाला रात्री दहा वाजता माणूस येतो आणि म्हणतो नाव टाकू नका, विरोधकाबद्दल आहे, कॅश देतो. इथं मला शास्त्रसुद्धा उघडावं लागत नाही, कायदाच पुरे. पण कायद्याची भीती दोन हजारांची आणि कॅश त्याच्या कितीतरी पट, हे गणित त्यालाही माहीत असतं आणि मलाही, तेव्हा शेवटी नाही म्हणायचं ते कायद्याच्या भीतीनं होत नाही.

आता काही विश्वासू बंधुभगिनी मला विचारतात (आमच्यात असंच म्हणतात) की तू लग्नपत्रिकेवर गणपती कसा छापतेस, मंडळाच्या वर्गणीची पावतीपुस्तकं कशी करतेस. करते, आणि मनापासून करते, सोंड कुठल्या बाजूला आहे हे सुद्धा गिऱ्हाइकाला विचारून घेते कारण त्यात चूक झाली तर त्या घराला लागतं. शेजाऱ्याच्या घरचं लग्न आहे, त्याचा आनंद त्याच्या पद्धतीनं त्याला नीट छापून देणं हे मला शेजाऱ्यावर प्रीती करण्यातलंच वाटतं. आणि इतिहास बघितला तर मराठी छपाई अशीच वाढली. मुंबईला अमेरिकन मिशनचा छापखाना होता, त्यांचं ते छापकाम बघून गणपत कृष्णाजींनी स्वतःचा शिळाप्रेस (दगडावरून छापायचा) उभा केला आणि १८३१ ला पंचांग छापलं. जावजी दादाजी लहानपणी त्याच मिशनच्या छापखान्यात कामाला होते आणि पुढं १८६९ ला त्यांनी निर्णयसागर छापखाना काढला, ज्याच्या संस्कृत ग्रंथांची छपाई अजून लोक नावाजतात. आमच्या नगरातून १८४२ ला ज्ञानोदय हे नियतकालिक निघालं ते मिशनचं. म्हणजे खिळे (छपाईची धातूची अक्षरं), शाई, कसब हे या दारातून त्या दारात जात राहिलं. मला जे छापायला जड जातं ते गणपती नाही, ते खोट्या नंबरचं बिलबुक आहे. आणि जाता जाता, मंडळाची पोरं विसर्जनाच्या आत पैसे आणून देतात, हे पुढं बिलांचं बोलणं येईल तेव्हासाठी लक्षात ठेवा.

रविवारी मी बंद ठेवते. यावर गिऱ्हाइकं चिडतात, लग्नसराईत तर फारच, कारण पत्रिका ठरवायला अख्खं कुटुंब रविवारीच मोकळं असतं. पण देवाच्या दहा आज्ञांतली चौथी, विसाव्याच्या दिवसाची, वाचली तर त्यात नुसतं तू काम करू नको असं नाही, तुझा चाकर, तुझी दासी, तुझा बैल, तुझं गाढव, सगळ्यांची नावं घेतलीत. एकट्याच्या धंद्यात मालकीण मी, चाकर मी आणि बैलही मीच, आणि मालकिणीला बैलाची दया येत नाही हा खरा प्रॉब्लेम आहे. नोकराला आपण सुट्टी देतो, स्वतःला देत नाही. म्हणून कोणीतरी वरून हुकूम दिलाय हे बरंच आहे.

दशांशाचं एक सांगते कारण नवीन लोक विचारतात. दहावा हिस्सा कशाचा, आलेल्या पैशाचा की उरलेल्याचा? माझ्याकडं आलेल्या पैशात अर्ध्याहून जास्त कागदवाल्याचा आणि प्लेटवाल्याचा असतो, तो माझा कधीच नव्हता. आणि गिऱ्हाइकानं दिलेला अ‍ॅडव्हान्स तर काम पोचेपर्यंत त्याचाच. दुसऱ्याच्या पैशातून दान देऊन देवाला खूश करण्यात काय अर्थ आहे. त्यामुळं धंद्याचं खातं वेगळं, घरचं वेगळं, आणि महिन्याला मी स्वतःला जे पगारासारखं काढते त्यातला दहावा. एवढी साधी शिस्त पण ती नसल्यामुळं चांगली माणसं बुडालेली मी बघितली आहेत, गिऱ्हाइकाचा अ‍ॅडव्हान्स स्वतःच्या पोराच्या फीमध्ये गेला आणि कागद आणायला पैसे नाहीत, मग पुढच्या गिऱ्हाइकाचा अ‍ॅडव्हान्स मागच्याच्या कामाला, मग फोन उचलायचा बंद.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं तिकडं येते. एवढं सगळं पाळून धंदा करणाऱ्या माणसाला सगळ्यात जास्त त्रास कोण देतं? टॅक्सवाले नाही, उमेदवार नाही. आमच्याच संस्था, कमिट्या, ट्रस्ट, मंडळ्या (म्हणजे चर्चची मंडळी) देतात. नाताळ आला की कॅरलची पत्रकं, उपासनेच्या क्रमाची पत्रकं, कॅलेंडरं, वर्धापनदिनाची स्मरणिका, सगळं डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात घेऊन येतात आणि चार दिवसांत पाहिजे, प्रूफ आठ वेळा बदलणार कारण कोणाचा तरी फोटो कोणाच्या तरी खाली आला, आणि बिलाचं नाव काढलं की ठरलेलं वाक्य, ताई, प्रभूचं काम आहे, सेवा म्हणून करून दे. किंवा, कमिटीची मीटिंग झाली की बघू. ती मीटिंग ईस्टरपर्यंत होत नाही. हे एकटीचं रडगाणं नाही, आमच्यातला इलेक्ट्रिशियन, साउंडवाला, मंडपवाला, केक करणाऱ्या बायका, अकाउंट लिहिणारे, ज्याला विचाराल तो हेच सांगेल. बाहेरच्या माणसाकडून काम करून घेतलं की त्याला चेक लगेच देतात कारण तो दारात येऊन ओरडेल. आपला माणूस ओरडत नाही हे माहीत असतं. शिवाय ज्याच्याकडं पैसे मागायचे तो खजिनदार रविवारी पुढच्याच बाकावर बसलेला असतो, उपासना संपली की हात मिळवायचा असतो.

आणि उदाहरण द्यायला पौल असतोच. पौल प्रेषित असूनही तंबू शिवून पोट भरायचा, कोणावर भार नको म्हणून रात्रंदिवस राबला, तू पण तसंच कर. बरोबर आहे, प्रेषितांच्या कृत्यांत अठराव्या अध्यायात आहे, करिंथला तो अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या नवराबायकोकडं राहिला, त्यांचा आणि त्याचा धंदा एकच, तंबू करायचा. पण या लोकांनी पुढचं वाचायला पाहिजे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा नववा अध्याय अख्खा पौल भांडतोय की सुवार्ता सांगणाऱ्याला त्याच्या कामावर जगायचा हक्क आहे, सैनिक काय स्वतःच्या खर्चानं लढायला जातो का, द्राक्षमळा लावणारा त्याचं फळ खात नाही का, मळणी करणाऱ्या बैलाला मुसकं बांधू नको असं शास्त्रात आहे. एवढं सगळं सिद्ध केल्यावर तो म्हणतो की हा हक्क मी वापरला नाही. म्हणजे त्यानं सोडला तो स्वतःचा हक्क, स्वतःच्या मर्जीनं. अक्विल्लानं शिवलेला तंबू मंडळीला फुकट द्या असं त्यानं कुठंही लिहिलेलं नाही. आणि प्रभू येशूनं स्वतः शिष्यांना पाठवताना सांगितलं की कामकऱ्याला त्याची मजुरी मिळायलाच पाहिजे. शास्त्रातल्या लेवीय पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात तर मजुराची मजुरी रात्रभर सकाळपर्यंत आपल्याकडं ठेवू नको इतकं बारीक लिहिलंय. रात्रभर! इथं ईस्टर येतो.

बायबलमधली लुदिया पण अशीच धंदा करणारी, थुवतीराची, जांभळी वस्त्रं विकणारी बाई, फिलिप्पैला पौलाला भेटली. तिच्यावर प्रवचनं भरपूर ऐकली, तिनं पाहुणचार कसा केला, घर कसं उघडं केलं. ते घर कशावर उभं होतं, त्या कापडाचे पैसे लोक वेळेवर देत होते का, हे कोणी विचारत नाही. पुणे जिल्ह्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशनमध्ये बायकांना विणकाम, शेती, छापखाना असलं सगळं शिकवलं, त्यांनी स्वतः मूळ भाषांतून केलेल्या मराठी बायबलचे खिळे तिथल्या बायकांनीच जुळवले, १९२२ ला बाई गेल्या आणि १९२४ ला ते बाहेर आलं. टाकलेल्या बायकांना हातात कसब द्यायचं ते स्वतःच्या पायावर उभं राहायला, आयुष्यभर सेवा म्हणून करून दे ऐकायला नाही.

मी फुकट काम करत नाही असं नाही. कोणाच्या घरी मयत झालं तर त्याची पत्रकं मी पैसे न घेता देते, ते मी ठरवलंय, मला कोणी मागितलेलं नाही. आणि जेव्हा मंडळीला सूट देते तेव्हा बिल पूर्ण रकमेचं करते आणि खाली सूट म्हणून वजा दाखवते, म्हणजे कमिटीला कळतं कागदाला किती लागले, छपाईला किती, आणि देणगी कोणाकडून किती आली. यावर एकदा मला ऐकवलं गेलं की उजव्या हाताचं डाव्याला कळू नये. मी म्हटलं उजव्या हाताचं डाव्याला कळायला नको ते मान्य, पण ऑडिटरला कळायला पाहिजे.

कायदा आमच्या बाजूनं आहे, तुमच्या लेखात हे यायला पाहिजे होतं म्हणून लिहिते. २००६ चा एमएसएमई कायदा म्हणतो की उद्यम नोंदणी असलेल्या छोट्या धंद्याचे पैसे लेखी काही ठरलं नसेल तर १५ दिवसांत आणि ठरलं असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. एप्रिल २०२४ पासून इन्कम टॅक्समध्येही ४३बी(एच) आलं, मुदतीत पैसे दिले नाहीत तर समोरच्या धंदेवाल्याला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, प्रत्यक्ष देईल त्या वर्षी मिळतो. त्यामुळं व्यापारी लोक मार्चमध्ये जरा हलतात. ट्रस्टवर या टॅक्सच्या कलमाचा तसा दाब येत नाही. सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार करता येते, पण एकटा माणूस तक्रार करतो कधी? ज्या दिवशी ते गिऱ्हाईक कायमचं सोडायची तयारी होते तेव्हा. सरकारच्या हिशोबात तर एप्रिल २०२५ पासून दहा कोटींपर्यंत उलाढाल असलेला सुद्धा सूक्ष्म उद्योग, म्हणजे तो दहा कोटीवाला आणि मी एकाच रांगेत, त्याच्याकडं वकील आहे आणि माझ्याकडं नंबरिंगचं मशीन.

तेव्हा तुमच्या पेपरातून आमच्या सगळ्या मंडळ्यांच्या, शाळांच्या, ट्रस्टच्या कमिट्यांना माझी मागणी आहे. नाताळच्या कामाची ऑर्डर ऑक्टोबरात द्या. ऑर्डर कागदावर द्या, मोबाइलवरच्या व्हॉइस मेसेजवर नको, आणि त्याच कागदावर पैसे कुठल्या तारखेला देणार ते लिहा. कागदाचे पैसे अ‍ॅडव्हान्स द्या कारण कागदवाला मला प्रभूच्या नावावर उधार देत नाही. प्रूफ दोनदा बदला, तिसऱ्यांदा चार्ज लागेल. सूट पाहिजे असेल तर आधी विचारा, काम झाल्यावर नाही. आणि वार्षिक सभेत खजिनदार जमाखर्च वाचतो तेव्हा कोणाकोणाची बिलं किती दिवस थकलीत ती यादी पण वाचून दाखवा, दानपेटीत किती जमले ते वाचता तसंच. पाळकसाहेबांनी त्या रविवारी लेवीय एकोणीस घेतला तर फारच छान. माझी या वर्षीची दोन बिलं अजून यायची आहेत, ती या पत्रामुळं आली तर तसं कळवीन, नाही आली तरी कळवीन.

आपली,
एक छपाईवाली, नगर